कुंडल रोडची माणसे

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कुंडल रोड नावाचे एक स्टेशन होते. होते असे म्हणण्याचे कारण, त्या नावाचे स्टेशन आज वेळापत्रकात शोधून सापडावयाचे नाही. त्याचे नाव बदलून फार दिवस झाले. १९१० साली मात्र ते एक आडवळणाचे लहानसे स्टेशन होते, आणि त्याच्या शेजारी औंध संस्थानच्या हद्दीत बत्तीस एकरांचा एक ओसाड माळ पडलेला होता. माळावर निवडुंग माजला होता आणि निवडुंगाच्या आश्रयाने साप सुखाने नांदत होते. ह्या माळावर त्या वर्षीच्या मार्च महिन्याच्या १० तारखेस बेळगावाहून आलेल्या काही माणसांनी आपला संसार आणि आपली यंत्रे उतरविली. त्यांच्या म्होरक्याने नुकतीच वयाची चाळिशी गाठली होती. त्याच्यापाशी इंजिनिअरची पदवी नव्हती, वडिलोपार्जित भांडवल नव्हते आणि होते ते छप्परही नुकतेच हातचे गेले होते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. बहुधा ती नांगराची गोष्ट म्हणून सांगितली जाते, कधी स्वदेशीची म्हणून. मला तिच्यातील निराळ्याच प्रश्नाने आजवर छळले आहे. नांगर कसा तयार झाला हे समजू शकते. लोखंड, भट्टी, साचा आणि चिकाटी एवढ्यांचा हिशेब जुळला की नांगर होतो. पण बेळगावसारखे नांदते गाव सोडून ही माणसे ह्या गृहस्थामागून सापांच्या माळावर का आली? त्यांना तेथे काय मिळावयाचे होते? पगाराची शाश्वती नाही, राहावयास घर नाही, जवळपास बाजार नाही. तरी ती आली, राहिली, आणि त्यांतील कित्येकांचा जन्म तेथेच सरला.

आपल्या इतिहासलेखनात पुढारीपणाचा विचार झाला तो रणांगणावरच्या, फार तर राजकारणातल्या पुढारीपणाचा. कारखानदार हा आपल्या लेखी पैसा करणारा माणूस. त्यालाही माणसे जमवावी, सांभाळावी आणि प्रसंगी सोडावी लागतात, हे आम्ही विसरतो. अलीकडे ह्याच्या उलट टोक गाठले गेले आहे. धंद्यातल्या पुढारीपणाचे वर्ग भरतात, तीन दिवसांत ते शिकून होते आणि शेवटी प्रशस्तिपत्रही हाती पडते. लक्ष्मणरावांनाही हे पुढारीपण शिकावे लागले, एवढे मात्र खरे. त्यांस त्याकरिता सुमारे पंचवीस वर्षे लागली, आणि त्यांच्या वर्गातले बहुतेक धडे अपमानाचे होते.

पहिला धडा डोळ्यांनी दिला. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे लक्ष पुस्तकापेक्षा हातांत अधिक. चित्रकार व्हावयाचे म्हणून हा मुलगा १८८५ साली मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. रेषा त्याच्या हातात होती. पण पुढे ध्यानात आले की त्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळेपण अंशतः होते, परंतु चित्रकाराचा रस्ता बंद करण्यास तेवढे पुरेसे होते. दुसरा एखादा घरी परतला असता आणि आयुष्यभर नशिबाला बोल लावीत बसला असता. ह्याने रंग सोडले आणि रेषा धरून ठेवली. यंत्रांच्या आराखड्यांना रंगाची गरज नसते. यांत्रिक रेखांकन शिकून पुढे तो मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागला.

दुसरा धडा त्या इन्स्टिट्यूटनेच दिला. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला. त्या काळी अशा प्रसंगाने चिडलेले पुष्कळ जण राजकारणात गेले आणि पुष्कळ जण मान खाली घालून खर्डेघाशी करीत राहिले. लक्ष्मणराव बेळगावला गेले. सरकारी संस्थेत माणूस कसा मोजला जातो हे त्यांनी आतून पाहिले होते: त्याच्या हातात काय आहे ह्याच्याआधी तो कोणाचा कोण आहे हे पाहिले जाते. पुढे स्वतःच्या कारखान्यात माणसे घेताना त्यांनी जे केले ते पाहिले, म्हणजे ही नाकारलेली बढती ते विसरले नव्हते असे वाटू लागते. त्यांनी तसे कोठे लिहून ठेवले आहे असा माझा दावा नाही. त्यांच्या निवडींवरून मी तो तर्क करतो.

बेळगावला जावयाचे तर तेथे काही आधार हवा. तो आधार म्हणजे थोरले बंधू रामचंद्रपंत, सर्वांचे रामूअण्णा. दोघा भावांनी मिळून १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवीत आणि रामूअण्णा त्या खपवीत. एवढेच नव्हे, तर घेणाऱ्याला ती चालवावयास शिकवीतही, आणि त्याचे निराळे पैसे घेत. आज ही गोष्ट ऐकून हसू येते. परंतु जे यंत्र लोकांनी पाहिलेले नाही ते विकावयाचे तर ते वापरण्याची विद्याही सोबत द्यावी लागते, हा व्यापाराचा मोठा नियम ह्या दुकानात लहान प्रमाणावर सिद्ध झाला. दुसरी एक गोष्ट येथेच ठरून गेली. लक्ष्मणरावांना यंत्र कळे. माणसांची उठबस, गावातली वहिवाट, व्यवहारातले टक्केटोणपे रामूअण्णांना कळत. आपल्याला काय येत नाही हे ओळखून ते काम दुसऱ्यावर निर्धास्त सोपविणे पुष्कळ हुशार माणसांना साठाव्या वर्षीही जमत नाही. धाकट्या भावाला ते विशीत जमले, कारण समोर थोरला भाऊ होता आणि त्याच्याशी मानापमानाचा प्रश्न नव्हता.

बेळगावात दुकानाला जोडून कारखाना सुरू झाला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आणि येथे तिसरा धडा मिळाला, तो शेतकऱ्यांकडून. नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात.

ही हकीकत सांगताना आपण शेतकऱ्याच्या अडाणीपणावर थोडे हसून पुढे जातो. मला ते हसणे फारसे रास्त वाटत नाही. त्या काळच्या गावगाड्यात लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि त्याचा मोबदला वर्षाच्या बलुत्यात, धान्याच्या रूपाने मिळे. नांगर मोडला तर सुतार गावातच होता. फाळ बोथट झाला तर लोहाराचा भाता गावातच होता. लोखंडी नांगराला मात्र रोख रुपये मोजावयाचे, आणि ऐन नांगरणीत एखादा भाग तुटला तर तो आणावयाचा बेळगावाहून. तोवर बैल दावणीला आणि वाफसा निघून गेलेला. जमीन विषारी होण्याच्या भीतीआड ही दुसरी भीती लपलेली असावी, आणि ती खोटी नव्हती. शेतकऱ्याच्या ‘नाही’मध्ये अनेकदा एक हिशेब असतो; तो त्याला शहरी माणसापुढे मांडता येत नाही, म्हणून तो देवाधर्माचे किंवा विषाचे नाव घेतो.

लक्ष्मणरावांची कसोटी येथे होती. आपला माल चांगला आहे अशी खात्री असलेल्या माणसाला गिऱ्हाईक मूर्ख वाटू लागणे हे धंद्यातले सर्वांत जुने दुखणे आहे. ज्याला ते जडले तो पुढे हाताखालच्या माणसांनाही मूर्ख समजू लागतो. लक्ष्मणराव दोन वर्षे माल अंगावर घेऊन बसले, पण चिडले नाहीत. काळ्या रानातील हरळी आणि कुंदा मुळांसकट उलटून टाकील असा हा नांगर आहे, हे शेतातच दिसावे लागते. ते दिसू लागले तेव्हा मागणी आली. एकदा ती आली ती मात्र टिकली, आणि विलायती नांगराला ह्या देशी नांगराने मराठी मुलखात तोंड दिले.

अशा रीतीने बस्तान बसू लागले होते, तोच जानेवारी १९१० मध्ये बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. त्या जागेवर नवी वसाहत व्हावयाची होती. भट्ट्या, यंत्रे, माणसे आणि त्यांची कुटुंबे ह्यांना घेऊन जावयाचे कोठे?

ह्या वेळी लक्ष्मणरावांच्या मदतीला आले ते औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. बाळासाहेब स्वतः चित्रकार, कलेचे मोठे भोक्ते, आणि नुकतेच, म्हणजे १९०९ साली, गादीवर आलेले. औंधास एका सभामंडपाच्या बांधकामासाठी त्यांनी लक्ष्मणरावांना बोलाविले होते. ह्या माणसाची अडचण कळल्यावर त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. संस्थान चिमुकले; त्याच्या तिजोरीच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. रंग न ओळखणाऱ्या एका माजी चित्रकाराला एका चित्रकार राजाने आश्रय दिला ह्यात नियतीचा काही खेळ असेलच; पण मला त्यात राजाची पारख अधिक दिसते. त्याने माळ दिला तो अशा माणसाला, की ज्याच्यामागून इतर माणसे येणार होती.

आता ह्या माणसांकडे वळू, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार अंगावर घेतला. रस्ते कोठून जावयाचे, घरे कशी बांधावयाची, पाणी, झाडलोट, दिवाबत्ती, सगळे त्यांच्याकडे. माळावर कारखाना उभा करणे एक वेळ सोपे. माळावर गाव उभे करणे कठीण. गावात भांडणे होतात, मुले आजारी पडतात, बायकांना माहेरची आठवण येते. ही सारी खाती रामूअण्णांची. शंभूराव जांभेकर व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेगे कारकुनीपासून हिशेबापर्यंत सर्व पाहत. पैशाची ओढाताण त्यांच्याएवढी कोणाला ठाऊक नसावी. के. के. कुलकर्णी हे हरकामे गृहस्थ. बाहेरच्या लोकांशी बोलावयाचे, अडलेले प्रकरण सोडवावयाचे, कोणाची समजूत घालावयाची, की कुलकर्ण्यांना पुढे करावयाचे. आणि अनंतराव फळणीकर! ह्यांचे शाळेचे शिक्षणसुद्धा पुरे झालेले नव्हते. परंतु यंत्राच्या बाबतीत त्यांची कल्पकता अशी की पुढे ते कारखान्याचे नामांकित इंजिनिअर ठरले. ज्या इन्स्टिट्यूटने लक्ष्मणरावांची बढती नाकारली तिच्या दारातून फळणीकरांना विद्यार्थी म्हणूनही आत घेतले गेले असते की नाही ह्याची शंका आहे.

ह्या यादीवरून एकदा नजर फिरवावी. पदव्यांच्या काट्यावर हिला फारसे वजन नाही. आजच्या एखाद्या कंपनीच्या नोकरभरती खात्याकडे ही नावे गेली तर त्यांतील बहुतेक पहिल्याच चाळणीत खाली पडतील. लक्ष्मणराव यंत्रांची पारख करीत तशीच माणसांची करीत, असे त्यांच्याविषयी नेहमी लिहिले जाते. मला हे वर्णन अपुरे वाटते. यंत्राचा पारखी यंत्र आहे तसे घेतो. ह्या माणसांना जेव्हा घेतले तेव्हा ती पुढे जशी झाली तशी नव्हती. कोणाला तरी अगोदर विश्वास ठेवावा लागला आणि योग्यता मागाहून आली. हा क्रम उलटा आहे, आणि त्यात नुकसानीचा संभव आहे. शिकाऊ माणसाच्या हाती ओतकाम दिले तर पहिले काही घाण बिघडणार. त्याचे लोखंड, कोळसा आणि मजुरी मालकाच्या खिशातून जाणार. हा खर्च सोसण्याची तयारी आणि तो सोसताना कपाळाला आठी न घालण्याची ताकद ज्याच्यापाशी आहे, त्याच्याभोवती माणसे वाढतात. कर्जाच्या पैशावर धंदा करणाऱ्याने ती दाखविली ही लहान गोष्ट नव्हे.

ह्या विश्वासाचे टोक पाहावयाचे असेल तर ते वाडीच्या वेशीवर पाहावे. वाडीच्या राखणीला जी माणसे ठेवली त्यांत तुकाराम रामोशी आणि पिराजी रामोशी हे दोघे होते. दरोड्याच्या गुन्ह्यासाठी दोघांनाही शिक्षा झालेली होती. आजूबाजूच्या मुलखात त्यांचे नाव घेतल्यावर लोक दारे लावून घेत असतील. लक्ष्मणरावांनी आपली दारे त्यांच्या हवाली केली. रामोशी हे मुळात गडकोटांचे राखणदार. राज्य गेले, गड ओस पडले आणि राखणदारीचे वतन गेल्यावर त्यांच्या हाती उरले ते नव्या सरकारच्या दप्तरातले गुन्हेगारीचे शिक्के. ह्या दोघांना लक्ष्मणरावांनी एका परीने त्यांचा जुनाच धंदा परत दिला. ते दोघे वाडीचे विश्वासू पहारेकरी झाले.

जाता जाता येथे आणखी एक दुवा नोंदवून ठेवतो. ह्याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करावी आणि आपल्या शब्दाने बांधलेले राहावे. पुढे १९५७ साली व्ही. शांताराम ह्यांनी काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या बोलपटाला त्या प्रयोगाची प्रेरणा होती, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. स्वतंत्रपूर वाडीवरून स्फुरले असे म्हणण्यास मजजवळ पुरावा नाही. परंतु एकाच लहानशा संस्थानाच्या मातीत शिक्षा झालेल्या माणसावर विश्वास ठेवून पाहण्याचे हे दोन प्रयत्न तीस वर्षांच्या आत झाले, हे मनात राहते.

पहिले महायुद्ध आले आणि लोखंड, कोळसा, रंग, सगळ्यांच्या आयातीला खीळ बसली. ज्या नांगरासाठी दोन वर्षे गिऱ्हाईक मिळत नव्हते त्याला आता गिऱ्हाईक होते, पण नांगर ओतावयास लोखंड नव्हते. ह्या अडचणीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तोफांचे नांगर झाले हे वाक्य इतके गोड आहे की त्याच्या गोडीत मूळ अडचण विसरली जाते. तोफेचे लोखंड म्हणजे काही नांगराच्या फाळासाठी बनवून ठेवलेले लोखंड नव्हे. ते फोडावयाचे, वितळवावयाचे, त्याचा ठिसूळपणा ओळखावयाचा. आणि रंग मिळत नाही म्हणून रंगही घरीच करावयाचा. त्या दिवसांत माळावरच्या अर्धशिक्षित मंडळींनी जे निभावून नेले, ते आज्ञा देऊन करवून घेण्याजोगे काम नव्हते. ज्याला ज्यातले कळते त्याने ते करावे आणि मालकानेही कोट काढून भट्टीपाशी उभे राहावे, ही वाडीची रीत तोवर मुरलेली होती.

१९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी रीतसर नोंदली गेली. कायद्याच्या भाषेत हा कागदी फेरफार. पण मालकाच्या मनाला तो बोचणारा असतो. काल जे माझे होते त्याचा हिशेब आजपासून चार जणांपुढे मांडावयाचा. त्याच वर्षी आणखी एक लहानशी गोष्ट घडली, आणि मराठी वाचकाला तिचे ऋण अधिक आहे. मालाची जाहिरात आणि कारखान्याची खबरबात देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले. ते काढले लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांनी. शंकररावांना नाद चित्रकलेचा आणि लेखणीचा. चित्रकार होऊ न शकलेल्या काकांनी आपल्या चित्रकार पुतण्याला भट्टीवर बसविले नाही, ह्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. जाहिरातीच्या ह्या रोपाचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ त्याच्या जोडीला आली. नांगराच्या कारखान्याने मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांच्या हाती मासिक द्यावे, हा जगाच्या उद्योगाच्या इतिहासातही विरळा प्रकार असावा. नेमून दिलेल्या कामाच्या पलीकडे माणूस जाऊ लागला तर त्याला अडवावयाचे नाही, एवढे एकच धोरण त्याच्या मुळाशी दिसते.

ह्याच काळात वालचंद हिराचंद ह्यांचा उदय होत होता, आणि दोघांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. वालचंदांनी १९१९ साली सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज समुद्रात सोडले. पुढे १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला. त्यांचे पुढारीपण झेपेचे. ते मोठ्या कल्पनेमागे पैसा आणि माणसे खेचून आणीत. लक्ष्मणरावांचे पुढारीपण ओलिताचे. पाणी जिरावयास वेळ लागे. देशाला दोन्ही हवे होते. पण लहान गावातल्या लहान भांडवलाच्या माणसाला वालचंदांचे अनुकरण करता येणार नाही. लक्ष्मणरावांचे, जड गेले तरी, करता येईल.

येथवर लिहिल्यावर थोडे थांबले पाहिजे, नाहीतर हा लेख आरती होईल. वाडी हे एक आदर्श गाव होते, ह्यात शंका नाही. अस्पृश्यता तेथे मानली जात नव्हती; १९१० नंतरच्या दशकात दक्षिण महाराष्ट्रातल्या किती गावांना असे म्हणता येईल? परंतु ज्या गावात घर मालकाचे, नोकरी मालकाची, रस्ता, पाणी, शाळा आणि पहारेकरीही मालकाचे, तेथे माणसाला मालकाशी भांडावयाचे झाले तर त्याने उभे कोठे राहावयाचे? मालक चांगला असेपर्यंत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मालक चांगला आहे म्हणूनच तो विचारला जात नाही, असेही म्हणता येईल. गंमत अशी की वाडीला जमीन देणाऱ्या राजाने हा प्रश्न स्वतःला विचारला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने १९३९ साली औंधच्या प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली आणि आपली सत्ता आपण होऊन आटोपती घेतली. राजाने जे केले ते कारखानदाराने करावे अशी अपेक्षा कोणी केली नाही. कायदाही तसे म्हणत नव्हता. वाडीत रामूअण्णांचा कारभार वडीलधाऱ्याचा होता, आणि वडीलधाऱ्याच्या कारभारात माया पुष्कळ असते, पण मत विचारण्याची पद्धत नसते. लक्ष्मणरावांच्या पुढारीपणाची ही मर्यादा मला दिसते. त्यांच्या काळाला ती दिसली नसेल, तर तो दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारणे बरोबर होणार नाही.

ह्या मर्यादेचा आणि १९४८ च्या आगीचा संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. ३० जानेवारीस गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरेदारे जाळली गेली. त्या वणव्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. अडतीस वर्षांपूर्वी जेथे निवडुंग तोडून पहिली भट्टी पेटविली होती, तेथे ही दुसरी आग. ज्यांनी जात न विचारता माणसे जमविली त्यांच्या कारखान्याची जात विचारली गेली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला.

तो उभा राहू शकला ह्याचे कारण तोवर सगळा भार एका माणसावर उरलेला नव्हता. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले होते. पदवी नसलेल्या बापाच्या, पदव्या नसलेल्या माणसांनी चालविलेल्या कारखान्यात परदेशी पदवीधर मुलगा आला. अशा प्रसंगी काय होते हे आपण घरोघर पाहतो. बाप म्हणतो, मी हे शून्यातून उभे केले. मुलगा म्हणतो, आता जग बदलले. एका चांगल्या चालत्या छापखान्याची ह्याच वादात झालेली वाताहत मी स्वतः जवळून पाहिली आहे. बाप अखेरपर्यंत तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावून बसला, आणि तो गेला तेव्हा किल्ल्या होत्या, पण तिजोरीत काही नव्हते.

वाडीला तसे झाले नाही. १९२६ सालीच तेथे अपकेंद्री पंप तयार झाला, आणि नांगराचा कारखाना पाण्याकडे वळला. नांगर हे लक्ष्मणरावांचे अपत्य. पंपाने त्याच्या डोक्यावर बसावे हे त्यांनी मानून घेतले. पुढे १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे बनविणारा कारखाना निघाला, १९४६ साली पुण्यास ऑइल एंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा. प्रत्येक ठिकाणी निराळी माणसे, निराळा माल. वाडीहून हुकूम सुटावा आणि हरिहरला तो पाळला जावा, अशी ही रचना नव्हती. लेथ, एंजिन आणि मोटार ह्या तिघांचे धनी वेगळे असल्यावाचून ती वाढू शकली नसती. म्हाताऱ्या माणसाला काम सोडता येते, पण मत देणे सोडता येत नाही. लक्ष्मणरावांना ते कितपत साधले ह्याची घरातली हकीकत घरच्यांना ठाऊक. बाहेरून दिसते ते एवढेच की त्यांच्या हयातीत धंदा त्यांच्या हाताबाहेर वाढला आणि त्यांनी तो वाढू दिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी ते वारले. तोवर कुंडल रोड हे नाव मागे पडून स्टेशनावर किर्लोस्करवाडीची पाटी लागलेली होती. मिरजेच्या बाजूला जाताना आजही गाडीतून ती पाटी दिसते. पूर्वीचा माळ कोठून सुरू होत होता हे आता कोणाला दाखविता यावयाचे नाही. निवडुंग तर नाहीच नाही. रामूअण्णा, जांभेकर, रेगे, कुलकर्णी, फळणीकर ह्यांची नावे जुन्या चरित्रांतून सापडतात, आणि तुकाराम-पिराजींची नावे त्याच ओळीत सापडतात.

जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सरकारने लक्ष्मणरावांचे पोस्टाचे तिकीट काढले. ते तिकीट जुन्या वस्तू जमविणाऱ्या एका स्नेह्याने मला एकदा दाखविले. आम्ही दोघे पुष्कळ वेळ ते पाहत बसलो, आणि मग त्याच्या रंगाला नेमके काय म्हणावे ह्यावरून आमचा वाद झाला.